साउथवर्कची जॉर्ज सराई : वास्तुरचना आणि इतिहास यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्ज इन म्हणजे नेमके काय, आणि ती कुठे आहे?

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर साउथवर्क नावाचा जुना भाग आहे. स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘सदक’ असा करतात. लंडन ब्रिज ओलांडून दक्षिणेकडे चालू लागले की बरो हाय स्ट्रीट हा रस्ता लागतो, आणि त्याच्या पूर्व बाजूला, 77 क्रमांकाजवळच्या बोळातून आत गेल्यावर एका फरसबंद चौकात जॉर्ज ही सराई उभी आहे. तळमजल्यावर ओळीने लहान-मोठ्या खोल्या, त्यांवर विटांच्या भिंती आणि सरकत्या तावदानांच्या खिडक्या, आणि इमारतीच्या एका भागात एकावर एक असे दोन लांबलचक लाकडी सज्जे, असे तिचे रूप आहे. घोडागाड्यांच्या काळातील अशी सज्जांची सराई लंडनमध्ये एकेकाळी ठिकठिकाणी होती. आज त्या प्रकारातील एवढी एकच शिल्लक आहे, म्हणून तिला इंग्लंडच्या वारसा इमारतींच्या यादीत पहिल्या श्रेणीचे स्थान आहे. या यादीतील शेकडा सुमारे अडीच इमारतीच या श्रेणीत आहेत, एवढे सांगितले तरी तिचे मोल ध्यानात यावे.

‘पब’ आणि ‘इन’ यांत फरक काय? दोन्ही मद्यालयेच ना?

आज दोन्ही शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात, पण जॉर्जची इमारत समजून घ्यायची तर हा फरक प्रथम समजून घ्यावा लागतो, कारण तिची संपूर्ण रचना त्या फरकातून आलेली आहे. मराठीत ‘पब’ म्हटले की मोठ्या आवाजातील संगीत आणि रात्रीची गर्दी डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमधील पबची मूळ कल्पना मात्र याहून पुष्कळ वेगळी आहे. ‘पब्लिक हाउस’ याचा शब्दशः अर्थ लोकांसाठी उघडे ठेवलेले घर, आणि अनेक जुने पब खरोखरच मालकाच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू झाले.

त्याआधी तीन वेगळी ठिकाणे होती. ‘एलहाउस’मध्ये घरी तयार केलेली एल ही बिअरची जुनी जात मिळे आणि दारावर काठीला डहाळ्या बांधून गिऱ्हाइकाला खूण दिली जाई. ‘टॅव्हर्न’मध्ये द्राक्षाची वाइन मिळे आणि तिथे खिशात थोडे अधिक पैसे असणारे लोक जात. ‘इन’ ही मात्र सराई होती: तिथे माणसाला जेवण आणि बिछाना मिळे, घोड्याला दाणा-वैरण आणि तबेला मिळे, आणि मालाला कुलूपबंद कोठी मिळे. मद्यपान हा तिच्या कामाचा केवळ एक भाग होता. 1552 सालच्या कायद्याने एलहाउस चालवण्यासाठी न्यायाधीशांचा परवाना आवश्यक झाला आणि पुढे हळूहळू तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळत गेले. जॉर्ज आज पब म्हणून चालते, पण तिचा सांगाडा सराईचा आहे.

एकाच रस्त्यावर इतक्या सराया कशासाठी होत्या?

याचे उत्तर एका पुलात आहे. लंडन शहरात थेम्सवर 1750 साली वेस्टमिन्स्टर ब्रिज खुला होईपर्यंत लंडन ब्रिज हा एकमेव पूल होता. 1209 मध्ये पूर्ण झालेल्या त्या दगडी पुलावर दोन्ही बाजूंना घरे आणि दुकाने उभी होती, मधला रस्ता अरुंद होता, आणि रात्री पुलाचे दरवाजे बंद होत. केंट, ससेक्स आणि सरे या दक्षिणेकडील परगण्यांतून आलेल्या मालगाड्यांना आणि प्रवाशांना ती गर्दी पार करून शहरात शिरण्यापेक्षा पुलाच्या अलीकडेच उतरणे सोयीचे पडे. जे शहरातून दक्षिणेकडे निघत, तेही पहाटेच्या प्रवासासाठी आदल्या रात्री इथे येऊन मुक्काम करीत. कँटरबरीला संत थॉमस बेकेट यांच्या समाधीच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू याच रस्त्याने जात असत.

त्यामुळे बरो हाय स्ट्रीटच्या पूर्व बाजूला सरायांची जणू रांगच लागली. इतिहासकार जॉन स्टो यांनी 1598 साली लंडनचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात स्पर, ख्रिस्तोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट (म्हणजे व्हाइट हार्ट) आणि किंग्ज हेड ही नावे एकामागोमाग येतात. जॉर्ज ही त्यांपैकी एक होती, सर्वांत प्रसिद्ध नव्हे. ती टिकली म्हणून आज प्रसिद्ध आहे.

आज दिसणारी इमारत किती जुनी आहे?

या जागेवर सराई मध्ययुगापासून आहे आणि सोळाव्या शतकाच्या मध्यातील साउथवर्कच्या नकाशावर तिचे नाव आढळते. मात्र आज आपण पाहतो ती इमारत 1676-77 सालची आहे. 26 मे 1676 रोजी साउथवर्कमध्ये मोठी आग लागली आणि शेकडो घरांबरोबर जॉर्ज आणि तिच्या शेजारची टॅबर्ड या दोन्ही सराया भस्मसात झाल्या. लंडनच्या 1666 सालच्या महाआगीविषयी सर्वांनी वाचलेले असते, पण दहा वर्षांनी पलीकडच्या तीरावर लागलेली ही आग फारशी कुणाच्या स्मरणात नाही.

नवी सराई जुन्या आराखड्यावरच बांधली गेली असे मानले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. जमिनीचा तुकडा तोच होता, व्यवसाय तोच होता, आणि चौकाभोवती सज्जे ठेवण्याची पद्धत पिढ्यानपिढ्या पारखलेली होती. त्यामुळे जॉर्ज ही सतराव्या शतकाची इमारत असली तरी तिची मांडणी त्याहून बरीच जुनी आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. 1666च्या महाआगीनंतर नदीपलीकडच्या शहरात कायद्याने विटांचीच घरे उभी राहत होती. इथे मात्र भिंतींसाठी वीट आणि सज्जांसाठी लाकूड असा मिलाफ झाला.

लाकडी सज्जे का बांधले? ते केवळ शोभेसाठी आहेत का?

मुळीच नाहीत, आणि या इमारतीबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर ती ही. बरो हाय स्ट्रीटवरील जमिनीचे तुकडे रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि आत खूप खोल होते. रस्त्यावरची रुंदी महाग असल्यामुळे तिथे दुकाने असत आणि सराईला फक्त एक कमानीचा रस्ता मिळे, ज्यातून भरलेली मालगाडी आत जाऊ शकेल. आत गेल्यावर लांबट चौक लागे आणि त्याच्या कडेने खोल्यांची रांग उभी राही.

आता प्रश्न असा, की वरच्या मजल्यावरील प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचायचे कसे? इमारतीच्या पोटात मधोमध बंद बोळ काढला तर त्यात जागा जाते, अंधार होतो आणि आधीच अरुंद असलेली इमारत आणखी अरुंद होते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची व्यवस्था केली तर अनोळखी प्रवाशांच्या झोपेत सतत व्यत्यय येतो. सज्जा हा दोन्ही अडचणींवरचा उपाय होता. जाण्यायेण्याची वाट इमारतीच्या बाहेर, चौकाच्या अंगाला टांगली गेली, खोल्यांना आतली सगळी जागा मिळाली, आणि प्रत्येक प्रवाशाला स्वतःचे दार व कडी मिळाली. आडव्या तुळया, त्यांना आधार देणारे खांब आणि कातीव दांड्यांचा कठडा, एवढ्या साध्या सामग्रीत हे काम होई.

त्या वाटेचा दुसरा उपयोग पाहण्याचा होता. आपली गाडी जुंपली की नाही, आपली पेटी कुणी उचलली, कोण आले, कोण निघाले, हे सर्व प्रवाशाला खोलीच्या दारात उभे राहून दिसे. आणि खालून तबेल्यातील नोकराला वरच्या माणसाला हाक मारता येई. थंडी-पावसात मात्र या उघड्या वाटेचा त्रासही होत असणार, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वे स्थानकांजवळ जी हॉटेले उभी राहिली त्यांनी हा प्रकार टाकून देऊन आतल्या बोळांचा आणि जिन्यांचा स्वीकार केला. एखादी रचना जेव्हा सुंदर दिसते तेव्हा ती सौंदर्यासाठीच केली असावी असा आपला समज होतो. जॉर्जचे सज्जे गरजेतून आले आणि त्यांचे सौंदर्य त्या नेमकेपणात आहे.

पूर्वी चौकाच्या सगळ्या बाजूंना इमारत होती का?

होय. आज चौकात उभे राहिल्यावर फक्त उजव्या हाताला, म्हणजे दक्षिण बाजूला, जुनी इमारत दिसते. मूळ सराईत आतल्या चौकाला सज्जांच्या इतरही बाजू होत्या आणि मागच्या आवारात तबेले व मालगाड्यांसाठी जागा होती. आज जे उरले आहे ती संपूर्ण सराई नसून तिची एक भुजा आहे. अनेक पाहुणे हिला एक देखणी लांबट इमारत समजून छायाचित्र घेतात आणि निघून जातात, ते पाहून वाईट वाटते. समोरच्या बाजूला तेवढेच उंच सज्जे कल्पून पाहिल्याशिवाय हा चौक कळत नाही.

मग बाकीच्या बाजू कुणी पाडल्या?

रेल्वेने. 1836 साली जॉर्जपासून चालत काही मिनिटांवर लंडन ब्रिज स्थानक सुरू झाले आणि दक्षिणेकडील घोडागाड्यांचा धंदा त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत बसला. घोडे बदलण्याची, रात्रीच्या मुक्कामाची, पहाटेच्या प्रस्थानाची गरजच उरली नाही. सराई पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वे या कंपनीच्या ताब्यात गेली. कंपनीने आवाराचा उपयोग मालाच्या आगारासाठी केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदामांना जागा करण्यासाठी सराईच्या दोन बाजू पाडल्या.

याच काळात शेजारच्या सरायाही गेल्या. टॅबर्ड 1870च्या दशकात पाडली गेली, व्हाइट हार्ट 1889 साली. त्या पाडणाऱ्यांना केवळ दोष देऊन भागत नाही, कारण प्रवासी नसलेल्या सरायांचे करायचे काय, हा प्रश्न त्या काळी खराच होता. तरीही एका संपूर्ण रस्त्याची ओळख एका पिढीत पुसली गेली, ही हानी मोठी आहे. आज किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, टॅल्बट यार्ड (टॅल्बट हे टॅबर्डचेच नंतरचे नाव) अशी बोळांची नावे तेवढी त्या सरायांची जागा दाखवतात.

ती वाचली कशी?

उरलेली बाजू पब म्हणून चालू राहिली, म्हणून प्रथम वाचली. पुढे ग्रेट नॉर्दर्नची वारस असलेल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने 1937 साली ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. ज्या धंद्याने सराईचा बराचसा भाग नाहीसा केला, त्याच धंद्याकडून उरलेला भाग समाजाला मिळाला. नॅशनल ट्रस्टची स्थापना 1895 साली ज्यांनी केली त्यांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांचे गरीब कुटुंबांच्या घरांसाठीचे काम याच साउथवर्कमध्ये झाले होते; 1887 मधील त्यांची रेडक्रॉस वसाहत जॉर्जपासून फार दूर नाही. ट्रस्ट आज स्वतः पब चालवत नाही, तर तो भाड्याने चालवायला देतो. वास्तू वापरात राहावी आणि तिचे जतनही व्हावे, यासाठी ही व्यवस्था मला संग्रहालयापेक्षा अधिक योग्य वाटते, कारण सराई माणसांच्या वावराशिवाय अपुरीच राहील.

आत काय पाहावे?

तळमजला एकाच मोठ्या दालनाचा नाही, तर एकामागून एक लागणाऱ्या खोल्यांचा आहे, आणि प्रत्येक खोलीला पूर्वी वेगळे काम होते. ज्या खोलीला आज पार्लमेंट बार म्हणतात ती घोडागाडीच्या प्रवाशांची प्रतीक्षागृहाची खोली होती. मधली खोली कॉफी रूम होती. वरच्या मजल्यावर, सज्जांमागे, निजायच्या खोल्या होत्या. तिथे आता भोजनालय आहे. कमी उंचीची छते, जुन्या तुळया आणि लाकडी फळ्यांचे अस्तर पाहताना या मूळ कामांची आठवण ठेवली तर खोल्यांचे आकार आपोआप समजू लागतात.

जुन्या बारमध्ये बिअर खेचण्याच्या हातपंपांचा एक जुना संच जपून ठेवला आहे. त्याचे दांडे खाचांमधून पुढे-मागे सरकत असत आणि त्यामुळे तो जुन्या गल्लायंत्रासारखा दिसतो. हातपंप येण्यापूर्वी नोकराला प्रत्येक वेळी तळघरात जाऊन पिंपातून भांडे भरून आणावे लागे. पंपाने ती खेप वाचवली, पेय गिऱ्हाइकासमोर येऊ लागले, आणि मग गिऱ्हाइक व विक्रेता यांच्यामध्ये लांब टेबलासारखा बार उभा राहिला. पबचे आज आपल्याला परिचित असलेले रूप या साध्या यंत्राचे पुष्कळ देणे लागते.

‘पार्लमेंट क्लॉक’ हे काय प्रकरण आहे?

प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर मोठ्या तबकडीचे एक जुने घड्याळ आहे. 1797 साली पंतप्रधान विल्यम पिट यांच्या सरकारने पार्लमेंटच्या कायद्याने घड्याळांवर वार्षिक कर बसवला. घरातील घड्याळाला पाच शिलिंग असा तो दर होता. लोकांनी घड्याळे ठेवणे सोडले आणि सरायांच्या मालकांनी गिऱ्हाइकांसाठी मोठी घड्याळे लावली, म्हणून त्यांना हे नाव पडले, अशी हकीगत सांगितली जाते. यातील कराचा भाग खरा आहे आणि घड्याळ बनवणाऱ्या कारागिरांचे हाल झाल्यामुळे तो कर 1798 सालीच रद्द करावा लागला, हेही खरे आहे. परंतु सरायांतील अशी मोठी घड्याळे त्याआधी कित्येक दशके बनत होती. त्यांचे खरे कारण घोडागाड्यांचे वेळापत्रक हे आहे: खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या प्रवाशालाही काटे स्पष्ट दिसावेत, एवढी तबकडी हवी होती.

शेक्सपियरने या चौकात नाटके पाहिली, हे खरे का?

या इमारतीत तर नक्कीच नाही. शेक्सपियरचा मृत्यू 1616 साली झाला आणि ही इमारत त्यानंतर साठ वर्षांनी उभी राहिली. तो 1599 नंतर ज्या ग्लोब नाट्यगृहात काम करीत होता ते साउथवर्कमध्येच, इथून जवळ होते, त्यामुळे या रस्त्यावरील सराया त्याला परिचित असणे अगदी स्वाभाविक आहे; परंतु परिचय असणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे. सरायांच्या चौकांत नाटके होत हे मात्र पक्के आहे. लंडन शहरातील बेल, बुल, क्रॉस कीज आणि बेल सॅव्हेज या सरायांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाटके होत असत. सज्जांनी वेढलेल्या चौकावरूनच इंग्लंडच्या जुन्या नाट्यगृहांचा आराखडा सुचला असा एक जुना तर्क आहे. अभ्यासकांमध्ये त्यावर मतभेद आहेत. तरी सज्जातून खाली पाहिल्यावर तो तर्क कुणाच्या मनात का आला असेल, हे समजते.

चॉसर आणि डिकन्स यांचा संबंध जॉर्जशी आहे की शेजारच्या सरायांशी?

या बाबतीत पुष्कळ गोंधळ होतो. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या कँटरबरीच्या कथांमधील यात्रेकरू जिथे जमतात ती सराई टॅबर्ड होय, म्हणजे जॉर्जची दक्षिणेकडची शेजारीण. एकोणिसाव्या शतकातील कादंबरीकार डिकन्स याच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर हा नोकर प्रथम भेटतो तो व्हाइट हार्टच्या चौकात, म्हणजे उत्तरेकडच्या शेजारणीत. 1450 सालच्या बंडाचा पुढारी जॅक केड याने आपला तळ दिला होता तोही व्हाइट हार्टमध्येच. शिवाय अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या जॉन हार्वर्ड यांच्या कुटुंबाच्या मालमत्तेत याच रस्त्यावरील क्वीन्स हेड सराई होती.

जॉर्जच्या वाट्याला ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीतील एक ओझरता उल्लेख येतो. तरीही डिकन्स आणि हा परिसर यांचे नाते फार जिव्हाळ्याचे आणि दुःखाचे आहे. 1824 साली त्याचे वडील कर्जापायी याच रस्त्यावरील मार्शलसी तुरुंगात होते, आणि बारा वर्षांचा डिकन्स तेव्हा कारखान्यात काम करून या भागात एकटा राहत होता. त्या वेळी जॉर्जच्या चौकात अजून घोडागाड्या येत होत्या.

जॉर्ज हा इंग्लंडमधील सर्वांत जुना पब आहे का?

नाही, आणि तसा दावाही तिच्याबाबत केला जात नाही. नॉटिंगहॅममधील ‘ट्रिप टू जेरुसलेम’ या पबच्या भिंतीवर 1189 हे साल रंगवलेले आहे, पण त्या इमारतीचे दिसणारे भाग त्यानंतर कित्येक शतकांनी बांधलेले आहेत. असे दावे तपासताना जागा जुनी, परवाना जुना, की इमारत जुनी, हे तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. सज्जांच्या सराईचे अधिक जुने आणि अधिक संपूर्ण उदाहरण पाहायचे असेल तर ग्लॉस्टर शहरातील ‘न्यू इन’ पाहावी. नावात ‘नवी’ असली तरी ती पंधराव्या शतकाच्या मध्यात मठाने यात्रेकरूंसाठी बांधली, आणि तिथे चौकाच्या सगळ्या बाजू शाबूत आहेत. जॉर्जमध्ये जे हरवले आहे ते तिथे डोळ्यांनी पाहता येते.

सराईला ‘जॉर्ज’ हे नाव कुणावरून पडले?

कुणा राजावरून नव्हे. ड्रॅगनचा वध करणारा संत जॉर्ज हा इंग्लंडचा संरक्षक संत मानला जातो आणि पाटीवर त्याचे चित्र असे. वाचता न येणाऱ्या प्रवाशाला चित्रावरून सराई ओळखू यावी ही गरज होती.

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या मराठी वाचकांनी भेट कशी द्यावी?

लंडन ब्रिज स्थानकातून चालत पाच मिनिटांत पोहोचता येते. प्रवेशासाठी शुल्क नाही. मद्य घेणे बंधनकारक नाही. जेवण, चहा किंवा कॉफी घेऊनही बसता येते. मागणी बारवर जाऊन स्वतः करायची असते. अठरा वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकत घेता येत नाही. बिअर पाइंटच्या मापाने मिळते आणि एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर.

संध्याकाळी आणि शुक्रवारी कचेऱ्या सुटल्यावर चौकात फार गर्दी असते, म्हणून वास्तू पाहायची असेल तर दुपार होण्याआधी जावे. बोळातून आत आल्यावर लगेच आत न शिरता चौकाच्या डाव्या कडेला, इमारतीकडे तोंड करून, थोडा वेळ उभे राहावे. तिथून दोन्ही सज्जे, कठड्यांच्या कालौघात किंचित वाकलेल्या रेषा आणि खोल्यांच्या दारांची ओळ एका नजरेत येते. आणि आपण उभे असतो ती कडा म्हणजे रेल्वेने पाडलेल्या समोरच्या बाजूची जागा असते.